सीओ अलार्म वाजतोय, पण घरात काहीच पेटलेलं नाही!

पागोळी
जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा, इथे झोप उडालीय.

बेडरूमबाहेरच्या पॅसेजमध्ये आम्ही कार्बन मोनॉक्साइडचा (सीओ) अलार्म लावलाय. बॅटरीवरचा, पडद्यावर आकडा दाखवणारा. गॅस गिझर आहे म्हणून नवरोबांनी हौसेने आणला होता. इतके महिने मुकाट होता. मागच्या आठवड्यात एका मध्यरात्री एकदम कोकलायला लागला. आकडा ६० च्या आसपास. पोरांना उचललं आणि सगळे खाली अंगणात. जाताजाता दारं-खिडक्या उघड्या टाकल्या, हळूहळू आकडा शून्यावर आला. गिझर बंद, शेगडी बंद, साधी काडी पेटलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तंत्रज्ञ बोलावला. त्याने गिझर चालू करून मीटर धरला, धुराडं तपासलं, काही सापडलं नाही.

काल रात्री पुन्हा तेच. संध्याकाळभर लाइट नव्हती, ती आली, मुलं कशीबशी झोपली, जरा डोळा लागतोय तोच हा सुरू. पुन्हा वरात अंगणात.

काहीच पेटलेलं नसताना सीओ येतो कुठून? की यंत्रच खुळं आहे? नवरोबा म्हणतात बॅटरी काढून कपाटात टाकू. मला धीर होत नाही.

ठिणगी
बॅटरी अजिबात काढू नका!

आधी सांगा, आवाज कसा होता? चार बीप, थोडा विराम, परत चार बीप, म्हणजे सीओ. तीन बीप आणि विराम म्हणजे धूर. आणि मिनिटभराने एकदाच बारीक 'टुक' येत असेल तर बॅटरी उतरलीय किंवा यंत्राचं आयुष्य संपलंय. मागच्या बाजूला तारीख असते तीही बघा. सीओचा सेन्सर साधारण ५ ते १० वर्षांत निकामी होतो, मॉडेलप्रमाणे बदलतं.

उंटावरचा_शहाणा
हे सगळं भीतीचं दुकान आहे. पिढ्यानपिढ्या लोक शेगडीशेजारी झोपले, कुणी अलार्म लावला होता? खिडकी चार बोटं उघडी ठेवा आणि सुखाने झोपा.

फ्यूज_उडाला
शहाणेबुवा, जे शेगडीशेजारी झोपले आणि सकाळी उठले नाहीत, ते धाग्यावर येऊन प्रतिसाद देत नाहीत हो.

पागोळी
@ठिणगी, चार-चारच होते, मोजलेत. तयार झाल्याची तारीख गेल्या वर्षीची आहे.

@शहाणे, खिडकी उघडीच होती. थोडी.

गवाक्ष
पागोळी, शेजार तपासलात का? सीओ तुमच्याच घरात तयार व्हायला हवा असं नाही. खालच्या मजल्याचा गिझर, सामाईक डक्ट, कुणाच्या बंद गॅरेजमध्ये चालू ठेवलेली गाडी, गच्चीवरचा जनरेटर. हा वायू वायरिंगच्या भोकांतून, छताच्या पोकळीतून येतो. जिप्सम बोर्डाची पार्टिशन असेल तर त्यातूनही झिरपतो, बोर्ड सच्छिद्र असतो. लाइट गेली होती म्हणताय, म्हणजे कुणीतरी जनरेटर लावला असणार. तो खिडक्या-दारांपासून निदान ६ मीटर लांब हवा आणि त्याचा धूर घराच्या विरुद्ध दिशेला जायला हवा. बाल्कनीत जनरेटर ठेवणारी माणसं मी पाहिलीत.

पागोळी
आमचं बैठं घर आहे, दोन्ही बाजूंना मोकळी जागा. शेजारी जनरेटर नाही. तरी विचारते.

नाडीपरीक्षक
पेशाने डॉक्टर आहे म्हणून थोडं लांबण लावतो.

पागोळीताई, त्या रात्री कुणाला डोकेदुखी, मळमळ, गरगरणं, हातापायात त्राण नसणं असं काही झालं का? ताप नसताना एकाच वेळी घरातल्या सगळ्यांना, अगदी कुत्र्या-मांजरालाही, मलूल वाटतंय आणि बाहेर मोकळ्यावर गेलं की बरं वाटतंय, ही खूण फार महत्त्वाची. दवाखान्यात हे लोक 'व्हायरल' म्हणून येतात आणि औषध घेऊन पुन्हा त्याच घरात झोपायला जातात.

हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट धरतो. त्यामुळे हवेत अगदी थोडा असला तरी तासागणिक रक्तात साठत जातो. मोकळ्या हवेत आल्यावर त्यातला निम्मा उतरायला साधारण ४ ते ५ तास लागतात. मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर हाच वेळ एक-दीड तासावर येतो. म्हणून 'पाच मिनिटं गॅलरीत उभा राहिलो, आता ठीक आहे' याला अर्थ नाही. गरोदर बाई घरात असेल तर तिला काहीच त्रास होत नसला तरी दवाखान्यात न्या, बाळाच्या रक्तात याचं प्रमाण आईपेक्षा जास्त चढतं आणि उतरायला जास्त वेळ लागतो.

पुस्तकात लिहिलेली लालबुंद त्वचा जिवंत रुग्णात क्वचितच दिसते. ती दिसायची वाट पाहू नका.

उंटावरचा_शहाणा
डॉक्टर, बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आता घरोघरी आहे. त्यावर ९८ दिसलं की विषय संपला. वेगळा अलार्म कशाला?

नाडीपरीक्षक
बरं झालं विचारलंत, कारण नेमकं हेच फसवं आहे.

साधं ऑक्सिमीटर दोन रंगांचा प्रकाश बोटातून पाठवून रक्ताचा रंग ताडतं. हिमोग्लोबिनला ऑक्सिजन चिकटलाय की सीओ, हे त्याला ओळखता येत नाही. माणूस बेशुद्धीच्या वाटेवर असतो आणि पडदा ९८ दाखवत असतो. सीओ मोजायला रक्ताची वेगळी तपासणी लागते, को-ऑक्सिमीटरवर. दवाखान्यात गेलात तर 'घरात सीओचा अलार्म वाजला होता' हे वाक्य स्वतःहून बोला. नाहीतर तपासणाऱ्याच्या डोक्यात ते येईलच असं नाही.

आणखी एक. शुद्धीवर येऊन घरी गेलेल्या काही रुग्णांना काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी विसरभोळेपणा, चालण्यात अडखळणं, स्वभावात बदल असं सुरू होतं. तेव्हा कुणालाच जुना प्रसंग आठवत नाही.

पागोळी
डॉक्टर, धन्यवाद. डोकं कुणाचंच दुखलं नाही. धाकट्याला अंगणात खेळायला मिळालं म्हणून तो खूश होता.

चिवचिवाट
थोडं अवांतर. आमच्याकडे धुराचे अलार्म आहेत आणि त्यातला एक हटकून पहाटे तीनला टुक करतो. दिवसभर गप्प. उठून स्टुलावर चढावं, खाली कान लावून उभं राहावं, तर सगळे शांत. परत पांघरूण घेतलं की टुक. याला माझी झोप कळते का?

फ्यूज_उडाला
कळते. ते जास्तीचे पैसे देऊन येणारं फीचर आहे.

ठिणगी
@चिवचिवाट, पहाटे घरातलं तापमान सर्वांत कमी असतं. थंडीत बॅटरीच्या आतला रोध वाढतो, अलार्म अधूनमधून स्वतःची तपासणी करताना थोडा करंट ओढतो आणि त्या क्षणी व्होल्टेज मर्यादेखाली जातं. मग टुक. सकाळी ऊन आलं की बॅटरी पुन्हा तगते. म्हणजे ती मरायला टेकलीय, बदलून टाका. नवी टाकूनही टुक थांबलं नाही तर बॅटरी काढून टेस्टचं बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा, आत उरलेला चार्ज निघून जातो, मग बॅटरी बसवा.

तरीही थांबत नसेल तर मागची तारीख बघा. धुराचा अलार्म तयार झाल्यापासून १० वर्षांनी बदलायचा असतो, विकत घेतल्यापासून नाही. दुकानात दोन वर्षं पडून असेल तर ती दोन वर्षं गेलीच.

चिवचिवाट
तारीख दिसत नाही. कुणीतरी रंग मारलाय त्यावर.

ठिणगी
मग प्रश्नच मिटला, आजच बदला. रंगाने जाळी बुजली असेल तर धूर आत जाणार कसा? उगाच दहा वर्षं छतावरची गोल शोभेची वस्तू होते ती. घराचं रंगकाम असताना अलार्मवर पिशवी चढवायची आणि काम संपलं की आठवणीने काढायची.

सावळागोंधळ
आमचा स्मोक अलार्म बाथरूमच्या दारासमोर आहे. गरम पाण्याने अंघोळ करून दार उघडलं की बोंबलतो. जावईबापू राहायला आले होते, टॉवेलवर बाहेर पळाले. तेव्हापासून फिरकले नाहीत.

फ्यूज_उडाला
अलार्मचं मॉडेल सांगा, दोन घ्यायचे आहेत.

ठिणगी
खिक्! सावळागोंधळ, तो फोटोइलेक्ट्रिक प्रकारचा दिसतोय. आत काळोखी डबी असते, एका कोपऱ्यात एलईडी आणि प्रकाश टिपणारा डोळा तिरपा, म्हणजे एलईडीचा झोत थेट त्याच्यावर पडत नाही. धुराचे कण आत शिरले की प्रकाश विखुरतो, कवडशात धूळ चमकते तसा, आणि डोळ्याला दिसतो. वाफेचे थेंब, बांधकामाची धूळ, आत शिरलेला बारका कोळी, सगळ्यांवर तो सारखाच ओरडतो. दारापासून निदान मीटरभर लांब सरकवा, जास्त लांब गेला तर उत्तम. आणि अधूनमधून व्हॅक्यूम क्लीनरचा मऊ ब्रश फिरवा. वाजतोय म्हणून टोपी चढवून ठेवणाऱ्यांना दंडवत.

स्वयंपाकघरात तर धुराचा अलार्म लावूच नये, ३ मीटर तरी लांब हवा. तिथे उष्णतेचा अलार्म लावतात. तो धुराकडे बघत नाही, ठरावीक तापमान ओलांडलं की वाजतो, बहुतेक मॉडेलमध्ये ५८ अंशांच्या आसपास.

गवाक्ष
दुसरा प्रकार आयनायझेशनचा, त्यात किरणोत्सारी पदार्थ असतो. तो मुलांच्या खोलीत लावावा का हा माझा जुना प्रश्न आहे.

ठिणगी
अमेरिशियम-२४१. एका ग्रॅमचा दशलक्षांश भागही नाही, त्याहून कमी. त्यातून अल्फा कण निघतात, ते हवेत काही सेंटिमीटरच जातात आणि कागदाने अडतात. छतावर असताना धोका नगण्य. फक्त उघडून खेळायचं नाही, फोडायचं नाही, जाळायचं नाही, आणि जुना झाला की ई-कचऱ्यात नियमाप्रमाणे द्यायचा. त्याचं अर्धायुष्य सुमारे ४३२ वर्षं आहे, म्हणजे अलार्म मेला तरी आतला पदार्थ जसाच्या तसा असतो.

हा प्रकार भडकलेल्या ज्वाळांना लवकर ओळखतो, पण गादीत किंवा सोफ्यात धुमसणाऱ्या आगीला उशिरा. रात्रीच्या आगी बऱ्याचदा धुमसणाऱ्या असतात, म्हणून झोपायच्या जागेजवळ मी फोटोइलेक्ट्रिक किंवा दोन्ही एकत्र असलेला लावेन.

जाताजाता, याच्या जन्माची कथा मजेशीर आहे. १९३० च्या दशकात वॉल्टर येगर नावाचा स्विस संशोधक विषारी वायू ओळखणारं यंत्र बनवत होता. वायू सोडला तरी काटा ढिम्म हलेना. वैतागून त्याने सिगारेट पेटवली आणि काटा हलला. विषारी वायूचं यंत्र फसलं, धुराचं सापडलं.

उंटावरचा_शहाणा
म्हणजे सिगारेट ओढण्याचे फायदे आहेत तर.

नाडीपरीक्षक
सिगारेट ओढणाऱ्याच्या रक्तात सीओ कायमच थोडा जास्त असतो, शहाणेबुवा. अलार्म तुमच्याच गळ्यात बांधायला हवा.

उंटावरचा_शहाणा
हलके घेतलं. पण मुद्दा सोडत नाही. यंत्रांच्या आधीही लोक खाणीत उतरत होते.

नाडीपरीक्षक
हो, पक्षी घेऊन. जॉन स्कॉट हाल्डेन या शरीरशास्त्रज्ञाने १८९० च्या दशकात सुचवलं की खाणीत कॅनरी न्या. इवल्या पक्ष्याचा श्वास भराभर चालतो, वायूचा परिणाम त्याच्यावर माणसाआधी दिसतो. हे ठरवण्यापूर्वी त्याने स्वतः सीओ हुंगून स्वतःच्या रक्तात तो किती चढतो ते मोजलं होतं. ब्रिटिश खाणींत हे पक्षी १९८६ पर्यंत होते, मग इलेक्ट्रॉनिक यंत्रं आली. तुम्हाला पक्षी पाळायचा असेल तर पाळा, पण तो पडल्यावर जाग यायला तुम्ही त्याच्याकडे बघत बसलेले असायला हवं.

साधीभोळी
एक बाळबोध शंका. आमच्या ओट्याखाली गॅसगळतीचा सेन्सर आहे. तो असताना हा सीओवाला वेगळा घ्यावा लागतो का?

ठिणगी
हो, घ्यावाच लागतो. हा घोळ फार जणांचा होतो.

तुमचा सेन्सर एलपीजी ओळखतो, म्हणजे न जळलेला गॅस. तो हवेपेक्षा जड, खाली बसतो, म्हणून सेन्सर जमिनीलगत लावतात. शिवाय त्यात मुद्दाम उग्र वासाचा पदार्थ मिसळलेला असतो, नाकालाही कळतं. सीओ म्हणजे अर्धवट जळाल्यावर तयार झालेला वायू. रंग नाही, वास नाही. वजनाला हवेपेक्षा किंचित हलका, जवळपास हवेइतकाच, म्हणून खाली बसत नाही की वर जाऊन छताला चिकटत नाही, खोलीभर मिसळतो. झोपायच्या खोलीजवळ लावा. ज्या खोलीत काही जळतं तिथेही लावायचा तर उपकरणापासून १ ते ३ मीटरवर. अगदी डोक्यावर नको, आणि बाथरूमच्या वाफेत तर नकोच.

ज्योत पिवळी, लांबुडकी, काजळी धरणारी झाली तर दुरुस्तीवाल्याला बोलवा. पण ज्योत निळी आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

नाडीपरीक्षक
ठिणगींच्या शेवटच्या वाक्याला जोड. बंद बाथरूममध्ये धुराडं नसलेला गॅस गिझर चालू असला की छोट्याशा खोलीतला ऑक्सिजन कमी होत जातो, मग तोच निळा जाळ अर्धवट जळू लागतो. माणूस अंघोळीला बसल्याजागी कोसळतो, कधी झटकेही येतात, आणि घरचे फिट आली समजतात. अशा रुग्णाला मिरगीची औषधं सुरू झालेली मी पाहिली आहेत. गिझर बाथरूमच्या बाहेर, धुराडं थेट मोकळ्या हवेत, एवढं केलं की ही भानगड मुळातच टळते. आणि कोळशाची शेगडी धुरत नाही, नुसते निखारे आहेत, म्हणून खोलीत आणणारे असतात. धूर नसलेल्या निखाऱ्यातूनही सीओ भरपूर येतो.

अडगळ
एअर प्युरिफायर लावला तर चालेल का?

ठिणगी
नाही. हेपा फिल्टर कण अडवतो, हा वायू आहे. मास्कही नाही, कुंडीतली झाडंही नाहीत.

अडगळ
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

खटपट्या
उशिरा आलो, पण मूळ प्रश्न कुणीच सोडवलेला दिसत नाही. सगळे गिझरभोवती फिरताय.

पागोळीताई, तुमच्याकडे इन्व्हर्टर आहे का? आणि त्याची बॅटरी कुठे ठेवलीय?

पागोळी
आहे. पॅसेजमधल्या कपाटात, खालच्या कप्प्यात. का?

खटपट्या
आणि पहिल्यांदा वाजला त्या दिवशीही लाइट गेली होती का?

पागोळी
थांबा, नवरोबांना विचारते.

हो! त्या दिवशीही संध्याकाळी गेली होती. रात्री जेवायच्या वेळेला आली.

खटपट्या
मग माझी पैज बॅटरीवर.

सीओच्या अलार्ममध्ये बहुधा इलेक्ट्रोकेमिकल सेन्सर असतो. सीओ आत शिरला की इलेक्ट्रोडवर त्याचं ऑक्सिडेशन होतं आणि त्यातून बारीकसा करंट निघतो. यंत्र तो करंट मोजून पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत किती भाग) दाखवतं. पण हाच करंट हायड्रोजननेही निघतो, सेन्सरला दोघांतला फरक कळत नाही. शिसं-आम्लाची बॅटरी पूर्ण भरत आली की चार्जिंगमधली वीज पाण्याचं विघटन करू लागते, हायड्रोजन आणि ऑक्सिजन बाहेर पडतात. चांगल्या बॅटरीत थोडं. म्हाताऱ्या बॅटरीत एखादा सेल मेला असेल तर ती कधी भरतच नाही, चार्जर रेटत राहतो आणि उरलेले सेल उकळतात. लाइट येते, इन्व्हर्टर जोरात चार्ज करतो, कपाटात हायड्रोजन साचतो, फटीतून पॅसेजमध्ये येतो, आणि अलार्म मध्यरात्री वाजतो. तंत्रज्ञ दुसऱ्या दिवशी आला तेव्हा चार्जिंग कधीच संपलेलं होतं. आणि त्याचा मीटर त्या रात्री आला असता तरी त्यानेही सीओच दाखवला असता, कारण बऱ्याच हातातल्या मीटरमध्ये हाच सेन्सर असतो. हायड्रोजनचा परिणाम वजा करणारे सेन्सर निराळे मिळतात.

ठिणगी
वा! वेळही जुळते. युरोपच्या ईएन ५०२९१ या मानकाप्रमाणे ५० पीपीएमला अलार्मने ६० ते ९० मिनिटांत वाजायचं असतं, १०० ला १० ते ४० मिनिटांत, ३०० ला ३ मिनिटांत. ६० चा आकडा म्हणजे तासभर आधीपासून हवेत काहीतरी साचत होतं. अमेरिकेचं यूएल २०३४ तर ७० पीपीएमला १ ते ४ तास देतं. म्हणून आकडा कमी असताना यंत्र गप्प बसलं म्हणजे बिघडलं असं नसतं. ते किती, यासोबत किती वेळ, हेही बघतं.

उंटावरचा_शहाणा
पाहा! म्हणजे अलार्म खोटाच होता. मी पहिल्याच पानावर सांगितलं होतं.

खटपट्या
खोटा कसा? झोपायच्या खोलीबाहेर बंद कपाटात हायड्रोजन साठतोय हे त्याने सांगितलं. हवेत ४ टक्के झाला की तो पेट घेऊ शकतो, आणि त्याच कपाटात इन्व्हर्टरचा रिले ठिणगी पाडतो. ४ टक्के म्हणजे ४०,००० पीपीएम, अलार्म त्याच्या कितीतरी आधी, काहीशे पीपीएमलाच ओरडला. शिवाय जास्त चार्ज झालेल्या बॅटरीतून हायड्रोजन सल्फाइडही येतो, सडक्या अंड्यासारखा वास, तोही विषारी.

नाडीपरीक्षक
खटपट्यांचा तर्क पटला, पण एक पाऊल मागे. हा अंदाज आहे. अंदाज चुकला आणि तो खरंच सीओ निघाला तर? पागोळीताईंनी केलं तेच बरोबर: आधी सगळे बाहेर, डोकी मोजायची, बाहेरून मदत बोलवायची. बाहेर पडताना वाटेत असतील तेवढ्या खिडक्या उघडा, त्यासाठी आत रेंगाळू नका. अलार्म वाजत असताना आत बसून 'बॅटरी असेल' म्हणणं नको.

पागोळी
उद्याच इलेक्ट्रिशियन बोलावते. अलार्म काढत नाही, नवरोबांना हा धागा वाचायला दिलाय. इन्व्हर्टर आज रात्री बंदच ठेवते.

कानसेन
इतकी माहिती चाललीय तर माझाही प्रश्न घ्या. आईला कमी ऐकू येतं. रात्री श्रवणयंत्र काढून झोपते. अलार्म वाजला तरी तिला कळणार नाही.

ठिणगी
महत्त्वाचा प्रश्न. नेहमीच्या अलार्मचा आवाज ३००० हर्ट्झच्या वर असतो आणि वयोमानाने तीच पट्टी आधी ऐकू येईनाशी होते. आवाज कितीही मोठा असो. ५२० हर्ट्झचा खर्जातला आवाज काढणारे अलार्म मिळतात, गाढ झोपलेल्या लहान मुलांनाही त्याने जाग येण्याची शक्यता जास्त. त्याशिवाय उशीखाली थरथरणारी चकती आणि लखलखणारा दिवा जोडता येतो. आणि घरातले सगळे अलार्म एकमेकांना जोडलेले घ्या, म्हणजे स्वयंपाकघराकडचा वाजला की आईच्या खोलीतलाही वाजतो.

सावळागोंधळ
जोडलेले सगळे एकदम वाजले तर सुरुवात कुणी केली ते कसं कळतं?

ठिणगी
ज्याने सुरुवात केली त्याचा लाल दिवा बहुतेक मॉडेलमध्ये भराभर लुकलुकतो. काहींवर आवाज थांबवण्याचं बटण दाबलं की बाकीचे गप्प होतात आणि खरा तेवढा ओरडत राहतो. पुस्तिका फेकून देऊ नका.

पागोळी
इलेक्ट्रिशियन येऊन गेला. कपाट उघडलं तेव्हाच त्याचं तोंड वाकडं झालं. बॅटरीची एक बाजू फुगलेली, पाणी तळाला गेलेलं, एक सेल मेलेला. त्याने बाहेर नेऊन चार्जिंगला लावली तर थोड्याच वेळात हात लावता येईना इतकी तापली. पाणी भरायचं काम कुणाचं यावर आमच्याकडे वेगळा धागा सुरू आहे, तो इथे काढत नाही.

जुनी बॅटरी गेली, नवी मागच्या हवेशीर व्हरांड्यात ठेवलीय. परवा रात्री पुन्हा लाइट गेली, आली, इन्व्हर्टर चार्ज झाला. अलार्मवर शून्य. खटपट्या, तुम्ही कुठे असाल तिथे तुम्हाला नमस्कार.

खटपट्या
पोचला. नव्या बॅटरीच्या वाफेची नळी किंवा भोकं बुजवू नका आणि वर कापड झाकू नका.

नाडीपरीक्षक
छान. तरीही गिझर एकदा बंद दारं-खिडक्यांत, आतला पंखा चालू ठेवून तपासून घ्या, तंत्रज्ञाला बाहेरूनच मीटर वाचता येईल असा. पंखा हवा बाहेर ओढत असेल तर धुराड्यातला धूर उलटा घरात येऊ शकतो, दार उघडं ठेवून केलेल्या तपासणीत ते दिसत नाही.

उंटावरचा_शहाणा
हे मात्र पटलं. आमच्याकडे गिझर आणि पंखा शेजारीशेजारी आहेत. कुठला अलार्म घेऊ?

फ्यूज_उडाला
धागा फ्रेम करा रे कुणीतरी.

ठिणगी
@शहाणे, दोन मानकांपैकी एकाचा शिक्का असलेला, आकडा दाखवणारा आणि सर्वांत जास्त किती चढला होता ते लक्षात ठेवणारा घ्या. त्या सोयीमुळे तुम्ही घरी नसताना काय झालं तेही कळतं. आणि टेस्टचं बटण दर महिन्याला दाबा, पण त्याने बॅटरी, सर्किट आणि भोंगा एवढंच तपासलं जातं, वायू ओळखता येतो का ते नाही. म्हणून तारीख संपली की बदलायचाच.

साधीभोळी
आमच्याकडे लाकडाला पॉलिश सुरू आहे आणि नवा लावलेला सीओ अलार्म कालपासून वाजतोय. इन्व्हर्टर नाही. तेही असंच काही असेल का?

खटपट्या
पॉलिशमधल्या स्पिरिटच्या वाफेनेही सेन्सर फसू शकतो. पण तुमच्या घरात गॅसवर काही जळतं का? पॉलिशवाल्याने वाळवायला हीटर लावलाय का? आधी सगळे बाहेर या, अलार्म मोकळ्या हवेत ठेवा, आकडा उतरतो का बघा. मग इथे लिहा.

साधीभोळी
बाहेरूनच लिहितेय.